तेल निर्यातदार देशांच्या हाती नेमके काय असते?

प्रश्न ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेविषयी आहे आणि तो सांगलीतील एका मालवाहतूकदारांचा आहे. त्यांच्या गाड्या द्राक्षांच्या हंगामात तासगाव-पलूस भागातून न्हावा शेवा बंदराकडे जातात आणि एरवी मार्केट यार्डातून हळद, बेदाणा घेऊन परराज्यांत जातात. त्यांनी लिहिले आहे : "ओपेकने उत्पादन घटवले अशी बातमी आली की डिझेल महागणार म्हणून आम्ही धास्तावतो, उत्पादन वाढवले अशी बातमी आली की स्वस्त होईल म्हणून वाट पाहतो. पण कुपवाडच्या पंपावर महिनोन्महिने आकडा हलत नाही. मग हे देश खरोखर भाव ठरवतात का, आणि ठरवत असतील तर तो आमच्यापर्यंत पोहोचतो कसा?"

मी सत्तावीस वर्षे एका तेलशुद्धीकरण कंपनीच्या कच्च्या तेलाच्या खरेदी विभागात काम केले आणि निवृत्तीनंतर विश्रामबागेत राहतो. प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

पहिल्या भागाचे उत्तर असे, की तेल निर्यातदार देशांच्या हातात भाव नसतो, आवक असते. बाजारात रोज किती तेल येऊ द्यायचे हे ते काही प्रमाणात ठरवू शकतात, आणि तेवढेही त्यांच्यातील काहीजणांनाच आणि एकत्र राहिले तरच जमते. आवक थोडी हलली तरी भाव पुष्कळ हलतो, याचे कारण तेलाच्या मागणीत आहे. यार्डात बेदाण्याची आवक कमी होऊन दर चढला तर व्यापारी चार सौदे थांबतो, मिठाईवाला बेदाणा कमी वापरतो. डिझेल महागले म्हणून आपली गाडी उद्या अर्धेच अंतर जाईल, असे होत नाही. माल पोहोचवावाच लागतो, पंप चालवावाच लागतो, विमान उडवावेच लागते. लोक गाड्या बदलतात, कारखाने इंधन बदलतात, परंतु त्याला वर्षे लागतात. म्हणून शंभर पिंपांच्या गरजेसमोर अठ्ठ्याण्णव पिंपेच आली, तर त्या दोन पिंपांसाठीची ओढाताण साऱ्या शंभर पिंपांचा भाव वर नेते. जगाची रोजची गरज आता दहा कोटी पिंपांहून अधिक आहे, आणि बातम्यांत गाजणारे निर्णय बहुधा पाच, दहा किंवा वीस लाख पिंपांचे असतात, म्हणजे अर्धा ते दोन टक्के. सारा खेळ या दोन टक्क्यांत चालतो.

सांगली जिल्ह्यातील माणसाला यातील कोट्याची कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. साखर कारखान्यांनी दर महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा केंद्र सरकार २०१८ पासून कारखानानिहाय जाहीर करते. सगळ्यांनी एकदम गोदामे रिकामी केली तर भाव कोसळतील, म्हणून हा बांध घातलेला असतो. ओपेकचा कोटा तत्त्वतः हाच आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की साखरेच्या कोट्यामागे सरकार उभे असते आणि कोटा मोडणाऱ्या कारखान्यावर कारवाई करू शकते. ओपेकच्या वर कोणतेही सरकार नाही. सदस्य देश सार्वभौम आहेत, दंड करणारे कोणी नाही. जास्त उत्पादन करणाऱ्या देशाने पुढील महिन्यांत तेवढी भरपाईची कपात करावी, असे वेळापत्रक त्याच्याकडून लिहून घेतले जाते. ते पाळले जाईलच याची हमी नसते.

कोट्याची ही पद्धत मुळात अरबांची नाही. १९३० मध्ये अमेरिकेत पूर्व टेक्सासचे प्रचंड तेलक्षेत्र सापडले, जो तो विहिरी खणू लागला आणि पिंपाचा भाव काही सेंटांवर आला. १९३१ मध्ये तिथल्या गव्हर्नरने विहिरी बंद करण्यासाठी सैनिक पाठवले. पुढे टेक्सास रेलरोड कमिशन या राज्याच्या संस्थेकडे प्रत्येक विहिरीने किती तेल काढायचे हे ठरवण्याचे काम आले आणि पुढची चाळीस वर्षे जगाच्या भावाला आधार देण्याचे काम प्रत्यक्षात टेक्सासने केले. ऑगस्ट १९६० मध्ये मोठ्या तेल कंपन्यांनी उत्पादक देशांना न विचारता जाहीर दर कमी केले, त्या देशांचे उत्पन्न एका फटक्यात घटले, आणि सप्टेंबर १९६० मध्ये इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला या पाच देशांनी बगदादमध्ये ओपेकची स्थापना केली. व्हेनेझुएलाचे तेव्हाचे मंत्री हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्सो यांनी टेक्सासच्या याच व्यवस्थेचा अभ्यास केलेला होता.

आता मी ज्याला या विषयाचे मर्म मानतो तिथे येतो. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी पाश्चात्त्य देशांवर तेलबंदी घातली होती. ती फसली, बहुतेकांना तिची आठवणही नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये पुन्हा बंदी घातली, आणि सुमारे ३ डॉलरचे पिंप जानेवारी १९७४ पर्यंत ११.६५ डॉलरवर गेले. सहा वर्षांत काय बदलले? १९६७ मध्ये टेक्सासकडे बंद ठेवलेल्या विहिरी होत्या, त्या उघडून अमेरिकेने तूट भरून काढली. मार्च १९७२ मध्ये टेक्सासने आपल्या विहिरींना शंभर टक्के उत्पादनाची परवानगी दिली, म्हणजे अमेरिकेच्या हाती राखीव काहीच उरले नाही. १९७३ मध्ये पुरवठ्यात झालेली घट दहा टक्क्यांहूनही कमी होती, परंतु ती भरून काढणारा कोणी नव्हता. ज्याच्याकडे राखीव उत्पादनक्षमता असते, बाजार त्याच्या तोंडाकडे पाहतो. ती टेक्सासकडून सौदी अरेबियाकडे गेली आणि तिच्याबरोबर सत्ताही गेली.

राखीव क्षमता म्हणजे काय हे सांगताना मला नेहमी हरिपूरची पेवे आठवतात. कृष्णाकाठच्या त्या जमिनीत खोल खड्डे घेऊन हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरेपर्यंत ती पद्धत जोमात होती. यार्डातील सौद्यात त्या दिवशी किती पोती आली एवढेच पाहिले जात नसे. कोणाच्या पेवात किती माल आहे आणि तो कधी निघेल, याचाही अंदाज घेतला जात असे. तेलाचे पेव मात्र फार महागडे आहे. विहीर खणलेली, पाइपलाइन टाकलेली, टाक्या आणि जेटी उभी, माणसे पगारावर आणि झडप बंद! अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाच्या व्याख्येप्रमाणे तीस दिवसांत सुरू करता येईल आणि किमान नव्वद दिवस टिकवता येईल एवढेच उत्पादन राखीव मानले जाते. अब्जावधी डॉलर गुंतवून ते पडून ठेवणे खासगी कंपनीला परवडत नाही. म्हणून ही क्षमता मुख्यतः सौदी अरेबियाकडे, त्याखालोखाल संयुक्त अरब अमिरातीकडे आणि थोडीफार कुवेत, इराककडे राहत आली. सौदी अरेबियाची कमाल क्षमता दिवसाला १ कोटी २० लाख पिंपांची, आणि २०२४ मध्ये ते काढत होते सुमारे ९० लाख. हे ३० लाख पिंपांचे अंतर म्हणजेच त्या देशाचे बाजारातील वजन.

पण हे वजन वापरताना स्वतःलाही खर्च येतो, आणि बातम्यांत हीच बाजू सर्वांत कमी सांगितली जाते. १९७९ ची इराणमधील क्रांती आणि १९८० चे इराण-इराक युद्ध यांमुळे भाव ३५ डॉलरच्या पुढे गेला. त्या भावाला उत्तर समुद्रातील, अलास्कातील, मेक्सिकोतील महागडे तेल काढणे परवडू लागले, वीजकेंद्रे कोळशाकडे आणि अणुऊर्जेकडे वळली, मोटारी कमी तेल पिऊ लागल्या. ओपेकने १९८२ मध्ये प्रथमच सर्वांसाठी उत्पादनाची मर्यादा घातली. बहुतेकांनी ती मोडली आणि फरक भरून काढण्यासाठी सौदी अरेबिया आपले उत्पादन घटवत राहिला. दिवसाला सुमारे एक कोटी पिंपे काढणारा हा देश ऑगस्ट १९८५ पर्यंत २५ लाखांच्याही खाली आला. भाव टिकवायचा म्हणून एकाच शेतकऱ्याने आपला माल घरी ठेवावा आणि बाकीच्यांनी तोवर विकून मोकळे व्हावे, तशी ही अवस्था होती. शेवटी सौदींनी झडपा उघडल्या आणि १९८६ मध्ये भाव १० डॉलरच्या आसपास आपटला. त्या धड्यानंतर एकट्याने ओझे वाहायचे नाही, हे त्यांच्या धोरणाचे सूत्र झाले असे माझे मत आहे; नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील शेल तेलाच्या, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलाच्या, पुराने भाव घसरत असताना त्यांनी कपात नाकारली त्यामागेही हीच भूमिका होती. जून २०१४ मध्ये ११५ डॉलर असलेले ब्रेंट, म्हणजे जगभर भावाचा मापदंड मानले जाणारे उत्तर समुद्रातील तेल, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली गेले. मग २०१६ च्या अखेरीस ओपेकने १२ लाख पिंपांची कपात ठरवली आणि रशियासह बाहेरच्या देशांनी सुमारे साडेपाच लाख पिंपांची भर घातली. ओपेक प्लस म्हणतात तो गट हाच.

रशियाबरोबरचे हे सख्य ६ मार्च २०२० रोजी एकदा तुटले. कोविडमुळे मागणी कोसळत होती, कपात वाढवायला रशियाने नकार दिला आणि सौदींनी उत्पादन वाढवून दर पाडले. पाच आठवड्यांत दोघेही पुन्हा एकत्र बसले आणि १२ एप्रिलला ९७ लाख पिंपांची, इतिहासातील सर्वांत मोठी कपात ठरली. ती लागू होण्याआधी, २० एप्रिलला, अमेरिकेतील वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, कारण ओक्लाहोमातील कुशिंग या साठवण केंद्राच्या टाक्यांत तेल ठेवायला जागाच उरली नव्हती. त्या दिवसांत आमच्या विभागात रोज एकच चर्चा असे, की तेल फुकट मिळाले तरी ठेवायचे कुठे.

एवढा इतिहास झाल्यावर, प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो. बाहेर व्हिएन्नातील ओपेकच्या बैठकीची बातमी मोठी होते. आमच्यासाठी मोठा दिवस महिन्याच्या पाच तारखेच्या आसपासचा असे. त्या सुमारास सौदी आरामको ही तिथली सरकारी तेल कंपनी पुढच्या महिन्यात भरल्या जाणाऱ्या तेलाचा अधिकृत विक्री दर जाहीर करते. आमच्या बोलीत त्याला ओएसपी म्हणतात. हा दर आकड्यांत दिसायला अगदी छोटा असतो. आशियासाठी ओमान आणि दुबई या प्रतींच्या मासिक सरासरीवर अधिक इतके सेंट किंवा उणे इतके सेंट, एवढेच त्यात असते. मूळ भाव बाजार ठरवतो. त्याच्यावरचा हा फरक विक्रेता देश ठरवतो. युरोपसाठी तो ब्रेंटशी बांधलेला असतो, अमेरिकेसाठी वेगळ्या निर्देशांकाशी, आणि प्रत्येक प्रतीसाठी वेगळा : अरब लाइट, अरब मीडियम, अरब हेवी. कुवेत, इराक यांचे दर साधारणपणे सौदींच्या मागोमाग येतात.

दर आला की नियोजन विभागातील संगणकावर गणित मांडले जाई. अरब लाइट तीस सेंटांनी महागले, पण इराकचे बसरा हेवी स्वस्त झाले. आपल्या रिफायनरीला जड तेल किती पचेल, त्यातून डिझेल किती निघेल, गंधक काढण्याचा खर्च किती, जहाजभाडे किती. त्यावर आम्ही पुढच्या महिन्याचे नॉमिनेशन पाठवत असू, म्हणजे वार्षिक करारातील आमच्या हिश्श्यापैकी किती पिंपे हवीत ते कळवत असू. करारात थोडे कमी-जास्त घेण्याची मुभा असते. मग दहा तारखेच्या सुमारास उत्तर येई : पूर्ण मिळेल, की कमी मिळेल. उत्पादन घटवण्याचा निर्णय खऱ्या अर्थाने आमच्या टेबलावर उतरत असे तो या उत्तरात. व्हिएन्नात वीस लाख पिंपांच्या कपातीची घोषणा झाली आणि तरीही आम्हाला मागितलेले सारे तेल मिळाले, असे मी अनेकदा पाहिले आहे. आणि फारसा गाजावाजा नसताना जड प्रतीचा हिस्सा कापला गेला असेही पाहिले आहे. कोणाला कमी द्यायचे याची निवडही विक्रेत्याच्या हाती असते. अमेरिकेचे साठे दर आठवड्याला जाहीर होतात आणि साऱ्या वायदेबाजाराची नजर त्यांवर असते, त्यामुळे २०१७ मध्ये सौदींनी अमेरिकेकडे जाणारे तेल मुद्दाम आखडते घेतले. तेवढीच पिंपे आशियाला कमी दिली असती, तर आकडेवारीत ती इतक्या लवकर दिसली नसती.

आशियाई ग्राहकाने वर्षानुवर्षे या ओएसपीतून इतरांपेक्षा जास्त पैसे मोजले, आणि भारताच्या मंत्र्यांनी त्याविरुद्ध उघड आवाज उठवला. यातील एक प्रसंग बोलका आहे. मार्च २०२१ मध्ये भाव चढत असताना भारताचे तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी कपात सैल करण्याची विनंती केली. सौदीचे ऊर्जामंत्री राजपुत्र अब्दुलअझीझ बिन सलमान यांनी उत्तर दिले, की तुम्ही गेल्या वर्षी स्वस्तात भरून ठेवलेले तेल आता वापरा. रोख विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूगर्भातील ५३ लाख ३० हजार टनांच्या साठ्यांकडे होता. ते उत्तर आम्हाला झोंबले, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली : मोठ्या ग्राहकाजवळ दोनच हत्यारे असतात, साठा आणि दुसरा विक्रेता. दुसरा विक्रेता वर्षभरात अनपेक्षितपणे मिळाला. युक्रेन युद्धानंतर युरोपने पाठ फिरवलेले रशियन तेल सवलतीत येऊ लागले. युद्धापूर्वी भारताच्या आयातीत दोन टक्क्यांच्या आसपास असलेला रशियाचा वाटा २०२३-२४ मध्ये एक तृतीयांशाच्या वर गेला. आखाती विक्रेत्यांना आपल्या ओएसपीत त्याची दखल घ्यावीच लागली.

ओपेकच्या आतील कुरबुरीही बहुतांशी कोट्याच्या पायावरून होतात. कपात टक्केवारीने ठरली तरी ती कोणत्या आकड्यातून करायची, हा खरा वाद असतो. जुलै २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने याच मुद्द्यावर सगळा करार अडवून धरला, कारण क्षमता वाढवण्यावर खर्च करूनही त्यांचा पाया जुनाच, ३१ लाख ६८ हजार पिंपांचा होता. शेवटी तो ३५ लाख करून मिळाला. अंगोलाची स्थिती उलट होती. गुंतवणुकीअभावी उत्पादन घटत गेले, त्याप्रमाणे कोटाही घटवला गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्या देशाने ओपेक सोडण्याची घोषणा केली. कझाकस्तानचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तेथील तेंगिझ क्षेत्र परदेशी कंपन्यांच्या भागीदारीत चालते, तिथे अब्जावधींचा विस्तार पूर्ण होऊन जानेवारी २०२५ पासून उत्पादन वाढले, आणि कोटा मोडला जात असताना सरकारला त्या कंपन्यांना थांबवणे अवघड गेले. कोण किती काढतो हे सदस्य देशाच्या शब्दावर सोडलेले नसते. स्वतंत्र संस्थांचे अंदाज आणि जहाजांच्या हालचाली यांवरून ते मोजले जाते. तरीही कागदावरचा आकडा आणि खरी कपात यांत अंतर राहतेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये २० लाख पिंपांची कपात जाहीर झाली तेव्हा अनेक सदस्य आधीच आपल्या कोट्याच्या खाली उत्पादन करत होते, म्हणून बाजारातून खरोखर कमी होणारे तेल त्याच्या निम्म्याच्या आसपासच होते. कपातीची बातमी वाचताना म्हणूनच मी पहिल्यांदा पाहतो, की हा देश आज प्रत्यक्षात किती काढतो आहे.

त्यानंतरची तीन वर्षे या ताकदीची मर्यादा दाखवणारी आहेत. एप्रिल २०२३ मध्ये आणखी स्वेच्छा कपात झाली, जुलैपासून सौदींनी एकट्याने दहा लाख पिंपे कमी केली, नोव्हेंबरमध्ये आठ देशांनी मिळून २२ लाखांच्या स्वेच्छा कपाती जाहीर केल्या. इतके करूनही सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रेंट काही काळ ७० डॉलरच्या खाली गेले. अमेरिका दिवसाला १ कोटी ३० लाख पिंपांच्या पुढे गेली होती, ब्राझील आणि गयानाचे नवे तेल येत होते, आणि चीनमधील मागणी पूर्वीच्या वेगाने वाढत नव्हती. ओपेक प्लसने सोडलेली जागा इतरांनी भरून काढली. एप्रिल २०२५ पासून या आठ देशांनी कपात मागे घ्यायला सुरुवात केली, मेपासून महिन्याला ४ लाख ११ हजार पिंपांच्या वेगाने. आपला हिस्सा परत मिळवण्याचा तो प्रयत्न आहे असे मला तेव्हाच वाटले. १९८५ शी त्याचे साम्य नाकारता येणार नाही, जरी यावेळी पावले बरीच सावध होती.

पुरवठ्यावरचा प्रत्येक आघात बैठकीत ठरत नाही. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदीतील अबकैक येथील प्रक्रिया केंद्रावर हल्ला झाला आणि दिवसाला ५७ लाख पिंपे, म्हणजे जगाच्या पुरवठ्याचा सुमारे पाच टक्के भाग, एका रात्रीत थांबला. सोमवारी बाजार उघडला तेव्हा ब्रेंट सुमारे १५ टक्क्यांनी वर बंद झाले. तरीही महिनाअखेरपर्यंत भाव जवळजवळ पूर्वीच्या जागी आला, कारण सौदींनी साठ्यातून माल दिला आणि काही ग्राहकांना हलक्या प्रतीऐवजी जड प्रत घ्यायला लावली. हल्ला राखीव क्षमता ज्या देशात आहे त्याच देशावर झाला होता, ही त्या घटनेतील खरी भीती होती. आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीची चिंता याच जातीची आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या वाटेने जात आला आहे, आणि राखीव विहिरीही त्याच वाटेच्या आत आहेत. सौदीची तांबड्या समुद्रावरील यानबू बंदराकडे आणि अमिरातीची होर्मुझबाहेरील फुजैरा बंदराकडे जाणारी पाइपलाइन हा पर्याय आहे, पण तो पूर्ण पुरत नाही. वाट बंद झाली तर पेवातील माल यार्डात आणायचा रस्ताच उरत नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. एका पिंपात १५९ लिटर असतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर पिंपामागे एक डॉलर म्हणजे लिटरमागे सुमारे ५३ पैसे. दहा डॉलर उतरले तर कच्च्या तेलाचा खर्च लिटरला पाच रुपये तीस पैशांनी कमी होतो. ते पाच रुपये पंपापर्यंत का येत नाहीत? पहिले कारण असे, की पंपावरच्या दराचा आधार कच्चे तेल नसून आंतरराष्ट्रीय बाजारातील तयार डिझेलचा भाव आहे. २०२२ मध्ये कच्च्या तेलापेक्षा डिझेल कितीतरी वेगाने महागले, कारण रशियन डिझेलची टंचाई आणि जगातील रिफायनरींची अपुरी क्षमता. दुसरे कारण कर. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात तेल स्वस्त होत असताना केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला. मे २०२० मध्ये एका दिवसात डिझेलवर लिटरला १३ रुपये वाढवले. तिसरे कारण तेल कंपन्यांनी मधला धक्का स्वतः घेणे. डिझेलचा दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाला आणि जून २०१७ पासून रोज बदलू लागला खरा, पण ६ एप्रिल २०२२ नंतर मार्च २०२४ पर्यंत आपल्याकडे तो ठळकपणे हलला तो मे २०२२ मधील केंद्राच्या करकपातीने, जुलै २०२२ मधील महाराष्ट्राच्या व्हॅटकपातीने आणि मार्च २०२४ मधील दोन रुपयांच्या कपातीने. त्या काळात ब्रेंट १२० डॉलरच्या वर जाऊन ७५ च्या खालीही येऊन गेले. महागाईच्या वेळी कंपन्यांनी तोटा सोसला आणि स्वस्ताईत तो भरून काढला. माझ्या मते ग्राहकाला हे गणित आकड्यांनिशी वेळोवेळी सांगितले गेले पाहिजे. ते सांगितले जात नाही म्हणूनच आपल्यासारख्यांना ओपेक हे कोडे वाटते.

व्हिएन्ना आणि रियाधचा निर्णय सांगलीत सर्वांत सरळ पोहोचतो तो डिझेलच्या वाटेने नव्हे, गॅसच्या वाटेने. स्वयंपाकाच्या गॅससाठी सौदी आरामको दर महिन्याला प्रोपेन आणि ब्युटेनचा करारदर जाहीर करते. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक एलपीजी आयात करतो, मुख्यतः आखातातून, आणि हा करारदर त्या खरेदीचा आधार आहे. व्यावसायिक वापराच्या १९ किलोच्या सिलिंडरचा दर एक तारखेला बदलतो तो बहुतांशी त्यामुळे. बसस्थानकाजवळच्या भडंगवाल्याला सौदीचा निर्णय महिन्याभरात कळतो, आपल्याला मात्र कळत नाही. दुसरी वाट समुद्रातून आहे. द्राक्षांचा कंटेनर बंदरातून निघाला की जहाजभाड्यात इंधनाचा अधिभार लागतो, आणि तो जगाच्या भावाप्रमाणे बदलतो. आपल्या पंपावर काहीही हलले नसले तरी निर्यातदाराचा खर्च बदललेला असतो. हंगामात तो आपल्याशी भाड्याची घासाघीस करतो तेव्हा त्याच्या हिशेबात ही रक्कम असते.

म्हणून भाड्याचा करार करताना ओपेकच्या बातमीवर काही बेतू नये. करारात कराराच्या तारखेचा पंपावरचा दर लिहून घ्यावा आणि तो दोन रुपयांनी हलला की भाडे हलेल असे कलम ठेवावे. गाडी लिटरला चार किलोमीटर जात असेल तर दोन रुपये म्हणजे किलोमीटरला पन्नास पैसे. न्हावा शेवाच्या सुमारे चारशे किलोमीटरच्या एका खेपेला दोनशे रुपये, जाऊन-येऊन चारशे. शीत कंटेनरच्या जनरेटरला लागणारे डिझेल त्यात वेगळे धरावे, कारण बंदरावर गाडी रांगेत उभी असताना चाके थांबतात, जनरेटर थांबत नाही.